साथीला कोण होते?

मैफलीच्या निमंत्रणपत्रिकेत एक ओळ नेहमी शेवटी येते. 'साथसंगत' असा शब्द लिहून पुढे बारीक अक्षरांत दोन-तीन नावे छापलेली असतात. जागा कमी पडली तर तीही जातात आणि उरते फक्त 'व सहकारी'. माणसाच्या नावाच्या जागी हा शब्द येतो तेव्हा नेमके काय घडते, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात घोळतो आहे. प्रश्न संगीताचा दिसतो, पण तो नीतीचा आहे असे मला वाटते. आणि तो मला कुठल्या ग्रंथातून पडलेला नाही. माझ्याच हातून घडलेल्या एका चुकीतून तो पडला, म्हणून आधी ती चूक सांगतो.

राऊ हे आमचे गाव इंदूर आणि महू यांच्या मधले. महाराष्ट्राकडे जाणारा आग्रा-मुंबई रस्ता इथूनच जातो. बाहेरच्यांना राऊ माहीत असते ते इथल्या कचोरीमुळे, आणि अलीकडे इथे असलेल्या आय.आय.एम.मुळे. आमच्या शाळेतला एक विद्यार्थी घरच्या भजनात आजोबांच्या मांडीशी बसून पेटी शिकला. पुढे त्याने कीबोर्ड घेतला आणि एका ऑर्केस्ट्रात लागला. लग्नसराईत आणि गणपती-नवरात्रात हा ऑर्केस्ट्रा माळवा, निमाड आणि खानदेशात हिंडतो. हा मुलगा कीबोर्ड वाजवतो आणि मुख्य गायकाच्या मागे दुसरा आवाज लावतो. वडिलांना हे पसंत नव्हते. एका संध्याकाळी ते त्याला घेऊन माझ्याकडे आले.

"सर, ह्याला जरा समजावून सांगा. आमचं ऐकत नाही."

मी समजावले. म्हणालो, "अरे, दुसऱ्याच्या गाण्यामागे किती दिवस वाजवत बसणार? स्वतःचं असं काही नको का?"

तो नम्र मुलगा. "हो सर," म्हणाला, नमस्कार केला आणि दुसऱ्या दिवशी कार्यक्रमासाठी सेंधव्याला गेला.

त्यानंतर दोन-तीन वर्षांनी आमच्या शाळेचा वार्षिकोत्सव होता. (तुमच्याकडे ज्याला स्नेहसंमेलन म्हणतात, त्याला आमच्याकडे वार्षिकोत्सव म्हणतात.) मुलांची अकरा गाणी बसवायची होती. मी त्याला निरोप पाठवला. तो आठ दिवस रोज आला, स्वतःचा कीबोर्ड उचलून. कुणाची पट्टी काळी एक, कुणाची पांढरी पाच. मूल घाबरून सूर सोडी, तेव्हा तो हळूच मागून तोच सूर स्वतःच्या गळ्याने धरी आणि मूल सावरले की आपला आवाज काढून घेई. कार्यक्रम उत्तम झाला. गाणाऱ्या मुलांना प्रमाणपत्रे मिळाली, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळाले, मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचेही मी आभार मानले. त्याचे नाव छापील कार्यक्रमपत्रिकेत नव्हते आणि माझ्या आभारातही आले नाही. तो वायरी गुंडाळून निघून गेला.

पुढच्या वर्षी पुन्हा बोलावले तेव्हा त्याने शांतपणे विचारले, "सर, मानधन किती ठेवलंय?"

मला राग आला. आपल्याच शाळेकडे पैसे मागतो! माझ्या तोंडी आलेही, "अरे, सगळं पैशासाठीच करायचं का? निष्काम काही असतं की नाही?" तो म्हणाला, "सर, आपण म्हणाल तसं." त्या वर्षी तो आला नाही. दुसऱ्या कुणीतरी वाजवले. मुले घाबरली, सूर सुटले, आणि ते धरायला मागे कुणी नव्हते.

मी त्याला दोन वेगवेगळ्या वेळी दोन गोष्टी सांगितल्या होत्या, आणि त्या एकमेकींच्या विरुद्ध होत्या हे माझ्या फार उशिरा लक्षात आले. आधी म्हणालो, साथ करणे हे कमीपणाचे आहे, ते सोड. नंतर म्हणालो, साथ करणे इतके थोर आहे की त्याचे मोल मागू नये. दोन्ही वेळा फायदा मात्र पुढे बसणाऱ्याचाच होता. तेव्हा खरे काय? साथीचे आयुष्य हे दुय्यम आयुष्य आहे का? आणि नसेल, तर पुढे बसणाऱ्याचे त्याच्याकडे काही देणे लागते का?

पहिल्या प्रश्नासाठी जरा पेटीकडेच पाहू. हे वाद्य परदेशी. पॅरिसच्या अलेक्झांद्र देबँ याने 1842 मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी मांडी घालून वाजवता येईल असा त्याचा देशी अवतार घडवला. ग्वाल्हेरच्या राजघराण्यातले भय्या गणपतराव यांनी ठुमरीसाठी पेटी अशी वाजवली की पाहणारे थक्क झाले, आणि कोल्हापूरच्या गोविंदराव टेंब्यांनी त्यांच्यापासून प्रेरणा घेतली. तरीही आकाशवाणीने 1940 मध्ये पेटीला दार बंद केले. कारण असे की तिचे बारा सूर ठोकून बसवलेले. मींड नाही, श्रुती नाहीत, गळा जिथे घसरत जातो तिथे पेटी पायऱ्या चढते. हा आक्षेप खोटा नव्हता. बंदी 1971 पर्यंत टिकली. पण त्याच तीस वर्षांत गावोगावच्या मैफलींत पेटी हटली नाही. का? तर वाद्याचे अपुरेपण वाजवणाऱ्याच्या कानाने भरून निघत होते.

हा कान म्हणजे काय, हे ज्याने साथ केली आहे तोच जाणतो. गायक पुढची जागा घेणार कुठे, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. पेटीवाल्याने त्याच्या पाठोपाठ जायचे, पण पाठोपाठ जाणे ऐकू येता कामा नये. पुढे गेला तर उद्धट, मागे राहिला तर मंद. गायकाने श्वास घेतला की मधली पोकळी भरायची, पण अशी नाही की परत आलेल्या गायकाला आपली जागा अडलेली दिसावी. मागच्या गळ्याचे काम याहूनही अवघड. तंबोरा छेडत तासभर गप्प बसायचे, गुरूने मान किंचित वळवली की सोडलेल्या सुरापासूनच धागा उचलायचा, थोडे चालायचे आणि समेच्या आधी तो पुन्हा गुरूच्या हाती द्यायचा. आपल्याला येते ते सगळे दाखवायचे नाही, आणि येत नसेल तर चालायचेही नाही. म्हणजे एकट्याने गायला जेवढे ज्ञान लागते तेवढे तर इथे हवेच. शिवाय ते आवरण्याची शक्ती हवी. याला दुय्यम म्हणायचे असेल तर दुय्यम या शब्दाचा अर्थ पुन्हा तपासावा लागेल.

आपल्या सीमाभागातील वाचकांना उदाहरणे दूर शोधावी लागणार नाहीत. बेळगावचे रामभाऊ बिजापुरे 1917 साली कागवाडला जन्मले आणि 2010 मध्ये वारले. इतक्या दीर्घ आयुष्यात त्यांनी गायकांच्या कित्येक पिढ्यांना साथ केली आणि बेळगावात संगीत विद्यालय चालवून शेकडो मुले शिकवली. जालन्याकडचे आप्पा जळगावकर, गोव्यातल्या बोरीचे तुळशीदास बोरकर, कोकणातून मुंबईत आलेले गोविंदराव पटवर्धन, ही नावे घेतली की जाणत्या श्रोत्याच्या चेहऱ्यावर गायकाचे नाव घेतल्यासारखाच आनंद दिसतो. बोरकरांना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे साथीतूनही पूर्ण आयुष्य उभे राहू शकते, हे सिद्ध व्हायला अडचण नाही.

पण उदाहरणे सगळी अशी सुखाची नाहीत. धारवाडला जन्मलेल्या आणि हुबळीत राहिलेल्या गंगूबाई हनगल यांच्या मागे त्यांची कन्या कृष्णा कित्येक दशके तंबोरा घेऊन बसल्या. घशाच्या विकारानंतर गंगूबाईंचा आवाज भारदस्त, पुरुषी झाला. मग त्या आवाजाशेजारी कृष्णाबाईंचा उंच, लवचिक आवाज म्हणजे मैफलीचे अर्धे अंग झाले. 2004 मध्ये कृष्णाबाई आईच्या आधी गेल्या. त्यानंतर पाच वर्षे आई राहिली. त्या मैफली ध्वनिमुद्रिकांवर ऐकताना मी स्वतःला विचारतो, यातल्या किती मैफलींना आपण 'गंगूबाईंची मैफल' म्हणालो आणि कितींना 'दोघींची'?

धारवाडचेच मल्लिकार्जुन मन्सूर. त्यांच्या मागे चिरंजीव राजशेखर बसत. ते विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक होते. दिवसा वर्गात पुढे उभे राहणारा माणूस संध्याकाळी वडिलांच्या मागे बसे. मला हे उदाहरण फार बोलके वाटते. पोटासाठी त्यांना तंबोऱ्याची गरज नव्हती, म्हणजे तिथे बसणे ही त्यांची निवड होती. आणि वडील 1992 मध्ये गेल्यानंतर ते स्वतः गात राहिले, म्हणजे मागे बसताना त्यांचे गाणे संपले नव्हते.

आणि मग आमचा शेजार. राऊहून देवास पन्नास किलोमीटरच्या आत-बाहेर. बेळगावजवळच्या सुळेभावीत 1924 साली जन्मलेले कुमार गंधर्व क्षयाच्या आजारात 1948 च्या सुमारास देवासला आले आणि माळव्याचेच झाले. कानडी घरातला मुलगा, मराठी संस्कारांत वाढलेला, हिंदी प्रदेशात स्थिरावलेला. आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांचा तो खरा नातेवाईक. आजारातून उठल्यावर त्यांच्या गाण्यात छोट्या दमाच्या, वीज चमकावी तशा जागा आल्या. त्यांच्या मागे वसुंधराताई कोमकली बसत. त्या स्वतः देवधर मास्तरांकडे शिकलेल्या, विवाहापूर्वीच गायिका म्हणून तयार झालेल्या. कॉलेजात असताना इंदूरला मी या जोडीला ऐकले. निर्गुणी भजनात कुमारजी एखादी ओळ अर्ध्यावर सोडून थांबत आणि मागून तो दुसरा आवाज ती ओळ जमिनीवर टेकू न देता पुढे नेई. आम्ही पोरे कुमारजींसाठी टाळ्या वाजवत होतो. 1992 मध्ये कुमारजी गेल्यावर वसुंधराताई पुढे बसून गायल्या, 2006 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, 2015 मध्ये त्या गेल्या. पुढे बसल्यावर लोक म्हणाले, अरे, या तर केवढ्या मोठ्या गायिका! त्या आधीही तेवढ्याच मोठ्या होत्या. आमच्या कानांना फक्त पुढच्याच जागेचे ऐकू येत होते.

ही काही आपल्याच देशाची गोष्ट नाही. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्स या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचा पियानोवादक इयन स्ट्युअर्ट हा संस्थापकांपैकी एक. 1963 मध्ये व्यवस्थापकाला त्याचे रूप फोटोत शोभेना, म्हणून त्याला अधिकृत सदस्यांतून काढले. तो रागावून गेला नाही. सामानाची ने-आण करत आणि पियानो वाजवत तो 1985 मध्ये मरेपर्यंत त्यांच्याबरोबर राहिला. 1989 मध्ये त्या वाद्यवृंदाचा मोठा गौरव झाला तेव्हा त्याचे नाव सदस्य म्हणून घेतले गेले. चार वर्षे उशिरा! आपल्या हिंदी चित्रपटसंगीताचेही तेच. सेबॅस्टियन डिसोझांसारख्या गोव्याच्या वादकांनी आणि संयोजकांनी ज्या गाण्यांचे अंग सजवले, त्या गाण्यांबरोबर आपण संगीतकाराचे नाव घेतो, गायकाचे घेतो, आणि थांबतो.

इथे तत्त्वज्ञानाचा एक जुना विचार उपयोगी पडतो. जर्मन तत्त्ववेत्ता कांट याने सांगितले की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये. वर्गात हे शिकवताना मुले नेहमी 'केवळ' हा शब्द गाळतात. मग त्यांना वाटते, कुणाचा उपयोग करून घेणेच अनैतिक. तसे नाही. साथीदार हा गायकाचे साधन असतोच, जसा गायक हा रागाचे साधन असतो आणि शिक्षक विद्यार्थ्याचे. सारा गुंता त्या 'केवळ' मध्ये आहे. ज्या क्षणी आपण मानतो की या माणसाला आपल्या उपयोगापलीकडे नाव नाही, इच्छा नाही, घर नाही, त्या क्षणी तो 'व सहकारी' होतो.

आणि निष्काम कर्म? त्या दिवशी मी ज्या शब्दाचा आधार घेतला, त्याचा विचार नंतर बराच केला. गीता सांगणारा स्वतः सारथी होता. घोड्यांचे लगाम हाती घेऊन तो दुसऱ्याच्या रथावर बसला. साथीची प्रतिष्ठा याहून मोठ्या आसनावर कुणी बसवलेली नाही. पण हे सारथ्य त्याने आपण होऊन पत्करले होते, ते त्याच्यावर कुणी लादले नव्हते. फळाची आशा सोडावी हा उपदेश माणसाने स्वतःला करायचा असतो. तो दुसऱ्याला केला, आणि विशेषतः ज्याचे देणे आपल्याकडे आहे त्याला केला, की तो उपदेश राहत नाही. बिनपगारी चाकरीचे ते गोड नाव होते. घराघरांत सुनांना, आयांना, धाकट्या भावांना आपण हेच गोड नाव पिढ्यान्‌पिढ्या ऐकवले आहे. रामायणात लक्ष्मणाच्या त्यागाची आपण स्तुती करतो. ऊर्मिलेला कुणी विचारले होते का, हे विचारत नाही.

म्हणून साथ चांगली की वाईट, असा प्रश्नच चुकीचा आहे असे मला आता वाटते. विचारायचे ते असे: साथ करणाऱ्याला नकार देता येत होता का? त्याला स्वतःची विद्या होती का, आणि ती वाढायला वाव होता का? आणि त्याचे नाव मोठ्याने घेतले गेले का, त्याचे देणे चुकते झाले का? या तिन्हींना 'हो' असे उत्तर असेल तर मागच्या रांगेतले आयुष्य पुढच्या रांगेइतकेच पूर्ण असते. एकाला जरी 'नाही' असेल, तर कितीही गोड सूर लागो, त्या मैफलीत कुठेतरी अन्याय बसलेला असतो. यातली पहिली दोन उत्तरे साथीदाराच्या परिस्थितीवर आणि कष्टांवर अवलंबून असतात. तिसरे मात्र सर्वस्वी पुढे बसणाऱ्याच्या हाती असते. म्हणूनच ते चुकले तर सबब चालत नाही.

एक आक्षेप मला दिसतो. कुणी म्हणेल, ज्याला साथ करायची आहे त्याला नावाची हाव कशाला? माझे उत्तर असे की नाव मागणे ही हाव नव्हे. त्या मुलाने माझ्याकडे पुढची खुर्ची मागितली नव्हती. तो मागेच बसायला तयार होता. मागे बसलेला 'कुणीतरी' आहे एवढे कबूल करा, इतकेच त्याचे मागणे होते, आणि पहिल्या वर्षी तर तेही त्याने तोंडाने मागितले नव्हते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. आज एक कीबोर्ड बासरी, सनई, व्हायोलिनचा ताफा एकट्याने वाजवतो. म्हणजे ज्याच्या हक्काची मी बाजू घेतो आहे, त्याच्यामुळेच लग्नातले सनईवाले घरी बसले. हे खरे आहे. तो मुलगाही ते जाणतो. एकदा मला म्हणाला होता, "सर, सनईचं बटण दाबताना दरवेळी आमच्या गल्लीतला म्हातारा आठवतो." न्यायाचा हिशेब असा एका ओळीत मिटत नाही. पण ज्याला त्या म्हाताऱ्याची आठवण येते, त्याच्याशी तरी आपण न्यायाने वागावे.

आपल्या वाचकांसाठी यात आणखी एक गोष्ट आहे. होळकरांच्या काळापासून माळव्यात राहिलेली आमची घरे, बेळगाव-बिदरची तुमची घरे, बऱ्हाणपूरची घरे. आपण सगळे एका अर्थी साथीची भाषा बोलतो. बाजारात, कचेरीत, शाळेत पुढे दुसरी भाषा गाते. मराठी मागे तंबोऱ्यासारखी वाजत राहते. कुणाला याची लाज वाटते, कुणाला राग येतो. मला वाटते, इथेही वरचेच तीन प्रश्न विचारावेत. पुढच्या भाषेशी वैर नको. तिच्या गाण्यात आपला सूर मिसळला तर गाणे श्रीमंतच होते, हे कुमारजींनी दाखवले. पण घरातल्या मुलाला मराठी नुसती ऐकू येते की लिहिता-वाचताही येते? तिची विद्या वाढते आहे का? आणि कुणी विचारले तर तो तिचे नाव मोठ्याने घेतो का? साथीची भाषा असणे हे दैन्य नव्हे. नाव हरवलेली साथ हे दैन्य.

गेल्या वर्षी मी त्या मुलाच्या घरी गेलो. मुख्याध्यापकाने विद्यार्थ्याच्या घरी माफी मागायला जाणे आमच्याकडे फारसे रूढ नाही. त्याच्या आईने घाईघाईने खुर्ची पुसली, वडील उभेच राहिले. मी त्यांच्यादेखत म्हणालो, "मी तुमच्या मुलाला दोनदा चुकीचं सांगितलं." वडिलांना ते आवडले नाही असे दिसले. त्यांचे मत अजून बदललेले नाही, आणि त्यांच्या काळजीतही तथ्य आहे: पावसाळ्यात चार महिने कार्यक्रम नसतात, रात्रीचे प्रवास असतात, म्हातारपणाची सोय नसते. ती काळजी माझ्या लेखाने दूर होणारी नाही.

मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "सर, तारीख सांगा. त्या दिवशी दुसरीकडे बोलणं झालेलं नसलं तर येतो."

तारीख त्याच्या सोयीने ठरवली. मानधन ठरले ते त्याच्या नेहमीच्या दरापेक्षा कमी. शाळेची ऐपत तेवढीच, आणि ती सवलत त्याने दिली, मी मागितली नाही. कार्यक्रमपत्रिका छापायला गेली तेव्हा छपाईवाल्याने विचारले, "साथसंगत खाली छोट्या अक्षरांत घेऊ ना?" मी म्हटले, जेवढी अक्षरे मुख्याध्यापकाच्या नावाला, तेवढीच तिथे घ्या.